तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाणारा गिअर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा तळघरातून नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहिलंय. त्यावर फारसं विसंबू नकोस. माझा गुडघा जिना चढताना दुखायचा, तो आता उतरतानाही दुखतो. हिचा खोकला आणि हिची माझ्याबद्दलची तक्रार, दोन्ही एकाच वेळी सुरू होतात आणि कोणतं आधी थांबेल ते सांगता येत नाही. तुझी मान कशी आहे? डावीकडे वळत नाही असं तू लिहिलं होतंस. तुझी ती शेजारीण डावीकडेच राहते ना? मग देवाने एक दार बंद करताना दुसरंही बंद केलं, असं समजून समाधान मान. घराबाहेर पडतेस की नाही, हे विचारत नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

आज लिहायचं ते गाडीबद्दल आहे. पत्र लगेच खाली ठेवू नकोस. दाजी गेल्यापासून तुझ्या घरात हा विषय निघत नाही, हे मला कळतं. पण तुझ्या लग्नात तुला नवरा मिळाला तसा मला दाजींकडून हा जुन्या गाड्या हुडकायचा छंद मिळाला, आणि नवरा गेला तरी छंद काही जात नाही. दाजींचा एक नियम होता. प्रदर्शनात धुऊनपुसून उभी केलेली जुनी गाडी बघितली तर ती बघितली असं म्हणायचं नाही. गाडी कामावर असताना दिसली पाहिजे. म्हणून ती अंडी पोचवणारी मॉरिस आम्ही हेरली. विमानासारख्या नाकाची ती स्टुडिबेकर हेरली, जिच्या नाकावर कोणीतरी तान्ह्या मुलाचे लंगोट वाळत घातले होते. आणि ती समोरून दार उघडणारी, अंड्याएवढी गाडी, जिच्यात एक ताडमाड दातांचे डॉक्टर रोज स्वतःची घडी घालून बसायचे, तिची गोष्ट तर दाजी मरेपर्यंत सांगत होते. (मरेपर्यंत हा शब्द मी खरोखरच्या अर्थाने वापरला, ताई. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला तेच सांगितलं. तुझ्याबद्दलही बोलले, पण ते तुला आधीच सांगून झालंय.)

तर आमची लाँड्री हॉस्पिटलच्या तळघरात आहे, हे तुला माहीत आहे. तिला एकच खिडकी. ती आतून छताला टेकलेली आणि बाहेरून जमिनीला. तिच्यातून गाड्या लावायची जागा दिसते, म्हणजे गाड्या दिसत नाहीत, चाकं दिसतात आणि माणसांचे पाय दिसतात. इतकी वर्षं वाफेत उभं राहून मला जगाची एवढीच बाजू बघायची सवय झाली आहे. कोण घाबरत आलंय आणि कोण नुसतं तोंड दाखवायला आलंय, हे मी चपलांवरून सांगू शकतो. एका दुपारी अशीच यंत्रात चादरी भरत होतो, तेव्हा खिडकीसमोर एक चाक येऊन थांबलं. थांबलं म्हणजे काय, खिडकीतून आत यायचंच बाकी राहिलं. आणि ते चाक बघून माझ्या हातातली चादर गळाली. गाडीचं नाव तुला सांगून उपयोग नाही, तुझ्या लेखी गाड्या दोनच प्रकारच्या, लाल आणि लाल नसलेल्या. एवढंच सांगतो की दाजींनी ही गाडी फक्त चित्रात बघितली होती, आणि ते चित्रसुद्धा फाटकं होतं.

मी हातातलं होतं ते सगळं यंत्रात कोंबलं, बटण दाबलं आणि दुखऱ्या गुडघ्याने जिना चढलो. वर पोचलो तेव्हा गाडी निघत होती. गर्द हिरवी, छोटी, फुगीर गालांची, आणि वळताना दिव्याऐवजी दारामागून एक इवलासा लाल हात बाहेर काढणारी. तो हात बाहेर आला, गाडी मात्र दुसऱ्याच बाजूला वळली. मग गिअर बदलल्याचा असा काही आवाज झाला की दारातली रुग्णवाहिका दचकली. मी तिथेच उभा राहिलो, डोळ्यांत पाणी आलं. खाली आलो तेव्हा कळलं की ऑपरेशनच्या हिरव्या चादरी मी डॉक्टरांच्या पांढऱ्या डगल्यांबरोबर कढत पाण्यात घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळं हॉस्पिटल फिकट हिरवं होऊन हिंडत होतं. साध्या खोकल्याला आलेल्या माणसांनी सगळे डॉक्टर ऑपरेशनच्या तयारीत बघितले आणि काहीजण तपासून न घेताच घरी गेले. मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या ओरडत नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "तुमचं निवृत्तीचं वय कधी येतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अजून?"

गाडी रोज यायला लागली. भेटीच्या वेळेला यायची आणि भेटीची वेळ संपली की जायची. आता यात आनंद मानावा असं काही नव्हतं, हे मला पहिल्यांदा सुचलंच नाही. हॉस्पिटलात रोज कोणी हौसेने येत नाही. मी आपला रोज चाकाची वाट बघायचो, आणि एक दिवस उशीर झाला तेव्हा मनात आलं, पेशंट बरा होऊन घरी तर नाही गेला? आणि मला वाईट वाटलं, ताई. आपण किती नीच होऊ शकतो ते कळायला माणसाला तळघरात बसावं लागतं.

मालक मला शेवटी चाकापाशीच भेटले. गाडी अर्धी पायरीवर चढवून ते खाली वाकून बघत होते. बारीक, उंच, कोट अंगाला मोठा झालेला. त्यांचं बटणांचं दुकान होतं; आता ते बंद आहे, पण कोटाची सगळी बटणं जागच्या जागी. मी म्हटलं, "गाडी फार सुंदर आहे." ते म्हणाले, "माझी नाही. बायकोची आहे. मला चालवता येत नाही." मी म्हटलं, "मग रोज कोण आणतं?" ते म्हणाले, "मीच आणतो. म्हणून तर सांगतोय."

हकीकत अशी होती. त्यांची बायको गाडी शिकवायची. याच गाडीवर अर्ध्या गावातल्या बायका शिकल्या, आणि ज्यांना कोणी शिकवू शकलं नाही त्यासुद्धा शिकल्या. नवऱ्याला मात्र बाईंनी कधी शिकवलं नाही. त्याने शेजारी बसायचं आणि पिशव्या मांडीवर धरायच्या, असं ठरलेलं. बाई आजारी पडल्या आणि तिसऱ्या मजल्यावर खाट मिळाली, तेव्हा बटणवाल्यांनी प्रथमच स्टिअरिंग हातात घेतलं. त्या गाडीचा गिअर हट्टी आहे. क्लच एकदा दाबून चालत नाही, दोनदा दाबावा लागतो, मधे क्षणभर थांबावं लागतं, आणि बटणवाले आयुष्यात कधी मधे थांबले नव्हते. गाडी फाटकातून आत शिरली की दातावर दात घासल्यासारखा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. ते वर पोचले की बाई विचारायच्या नाहीत की जेवलात का, झोपलात का. म्हणायच्या, "आज दुसऱ्यावरून पहिल्यावर आलात ना? मी ऐकलं. उद्या असं करू नका." आणि भेटीचा सगळा वेळ उशीवर हात ठेवून त्यांना गिअर कसा टाकायचा ते दाखवायच्या. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणे ऐकून ऐकून शिकली. बटणवाले शिकले नाहीत.

मी धुतलेले कपडे वर पोचवायला जायला लागलो. (ते माझं काम नाही. त्यासाठी माणूस आहे, त्याला मी चहा पाजून खाली बसवायचो.) बाई खाटेवर इतक्या लहान दिसायच्या की पांघरूण मोकळंच वाटावं. आवाज मात्र मास्तरणीचा. मी लाँड्रीचा आहे आणि माझी खिडकी चाकाच्या उंचीवर आहे हे कळल्यावर त्यांनी मला कामाला लावलं. म्हणाल्या, "गिअर मला वरून ऐकू येतो, पण चाकं दिसत नाहीत. गाडी लावताना ती सरळ असतात का, ते मला रोज सांगायचं. खोटं नाही सांगायचं." मी म्हटलं, "कशाला बिचाऱ्यांच्या मागे लागता? ते येतात हेच काय कमी आहे." त्यांनी मला जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "मी घरी परत जाणार नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मलाही कोणी सांगितलेलं नाही, पण मी वेंधळी नाही. ते एकटे राहिले तर घरात बसून राहतील. गाडी चालवता आली तर निदान बाहेर पडतील."

मग मी रोज सांगत राहिलो. आज तिरकी. आज फारच तिरकी. आज एक चाक फुलांच्या वाफ्यात. बाई रोज हसायच्या आणि हसून दमायच्या. मला वाटतं बटणवाल्यांना सगळं माहीत होतं. वरच्या व्हरांड्यात एकदा मला म्हणाले, "ती मला शिकवते तोवर तिला दुखत नाही. मी लवकर शिकलो तर कसं होईल?" मी चादरींची गाडी ढकलत पुढे गेलो.

आणि मग एका दुपारी गाडी आली ती मला ऐकूच आली नाही. खिडकीत चाक दिसलं तेव्हा कळलं. आधी दोनदा क्लच दाबला असणार, मधे थांबले असणार. चाक सरळ उभं होतं. मी वर धावलो, म्हणजे माझ्या परीने. बटणवाले खाटेजवळ परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी म्हटलं, "सरळ आहे." त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "ऐकलं मी." बटणवाल्यांनी त्यांचा हात धरला होता, त्यांनीही सोडला नाही.

लाँड्रीत बातमी आधी कळते, ताई. पेशंट घरी गेला की खाली नुसती चादर येते. तसं काही झालं की गादीची खोळ, घोंगडी, दोन्ही उशा, सगळं गाठोडं बांधून येतं. तिसऱ्या मजल्यावरून ते गाठोडं आलं त्या सकाळी मी यंत्र लावलं नाही. मेट्रनबाई खाली आल्या, गाठोड्याकडे बघितलं आणि दार लावून निघून गेल्या. त्या वाईट नाहीत.

मला वाटलं, आता चाक दिसणार नाही. दुसऱ्या आठवड्यात भेटीच्या वेळेला ते आलं. सरळ उभं राहिलं. पाय मात्र खाली उतरले नाहीत. वेळ संपली आणि चाक निघून गेलं. असं रोज व्हायला लागलं. शेवटी मी जाऊन शेजारच्या जागेवर बसलो. (माझ्या आयुष्यात मी बसलेली ती सगळ्यात दुर्मीळ गाडी. दाजींनी यासाठी एक हात दिला असता. मला मात्र तिच्यातून कधी एकदा उतरतो असं झालं होतं.) बटणवाले म्हणाले, "घरात बसायचं नाही, असं तिला कबूल केलंय. गाडी काढतो. पण गाडी काढल्यावर कुठे जायचं, ते तिने सांगितलं नाही. हात आपोआप इकडे वळतात."

परवा रखवालदाराने काच ठोठावली. ही जागा भेटीला येणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही कोणाला भेटायला येता, असं त्याने विचारलं. तो नवा आहे, त्याचं चुकलं नाही. बटणवाल्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." गाडी सुरू केली, लाल हात बाहेर काढला, आणि हात निघाला त्याच बाजूला वळले. त्यानंतर आले नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. गाडी दाराशी होती, ते खिडकीशी होते.

बाकी विशेष काही नाही. मानेला शेक घे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझं घर गावाबाहेर आहे, रस्ता चांगला आहे, वाटेत चढ आहे, वळणं आहेत, आणि तुझ्या अंगणात गाडी लावायला ऐसपैस जागा आहे. हे तुला माहीत असणारच. सहज लिहिलं.

ता. क. आणखी एक. सहज लिहिलेलं नाही. त्यांना कुठेतरी जायला हवंय. रोज नको, आठवड्यातून एकदा. तुला काही करायचं नाही. ओसरीवर बसायचं, गाडी आली की ऐकायचं, आणि गिअर बिघडला तर तसं तोंडावर सांगायचं. गाडीतलं तुला काही कळत नाही, पण न कळणाऱ्या गोष्टीतही चूक काढण्याची तुझी विद्या सगळ्या शाळेला माहीत होती. भलतंसलतं मनात आणू नकोस, माझ्याही मनात तसलं काही नाही. त्यांना दुसरी बायको नको आहे, चुका सांगणारं माणूस हवं आहे. (ही माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते की या दोन गोष्टी वेगळ्या कशा.)

ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. पत्र हातात देऊन बटणवाले न बोलता परत गाडीत जाऊन बसले असतील, आणि तू वाचायला फार वेळ लावतेस. बाहेर ऊन आहे. त्यांना आत बोलाव.