शेवटच्या ओळीआधीचं हसू

६ सप्टेंबर
पाच महिने झाले, खारूताई अजून अडखळतेच! भरपाई वर्गातल्या बाकी अकरा जणी वाचायला लागून आपापल्या वर्गात गेल्या. आता ती एकटी आणि मी. प्रयोगशाळेमागची खोली, दोन खुर्च्या, कोपऱ्यात हाडांचा सांगाडा.

साथीत शाळा बंद होती तेव्हा हिची पहिली-दुसरी तशीच गेली. आज सहावीत आहे आणि ‘घर’ वाचायला दोनदा श्वास घेते. खडूचे तुकडे खिशात साठवते, म्हणून खारूताई.

मोठ्या बाई म्हणाल्या, “तीस तारखेपर्यंत बघा. नाहीतर चौथीत बसवू.” चौथीत! त्या पोरींपेक्षा ही हातभर उंच आहे. मान वर करून चालायची नाही पुन्हा.

७ सप्टेंबर
रविवार. दिवसभरात एकच शब्द बोलले — रेडिओवरच्या बाईला, “बरं.”

११ सप्टेंबर
धडे बाजूला ठेवले. इतके रटाळ की मीसुद्धा वाचणार नाही. निवृत्तीपर्यंत वर्तमानपत्राच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढली, पंधरा ओळी लिहायला कितीसा वेळ! पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात गोष्ट लिहिली. दाढी करता करता न्हावी पेंगतो, गिऱ्हाईकही पेंगतं. शेवटची ओळ — जाग आली तेव्हा वस्तरा गिऱ्हाइकाच्या हातात होता आणि न्हाव्याची अर्धी मिशी गायब.

१२ सप्टेंबर
विचित्रच! ती दुसऱ्या ओळीवर होती. न्हावी नुसता टॉवेल झटकतोय. “टॉ... टॉव...” करता करता फिस्सकन हसली.

टॉवेलात हसण्यासारखं काय आहे?

तिने ओठ चावला आणि मग आणखीच अडखळायला लागली.

१३ सप्टेंबर
नवा पुठ्ठा. वर एका म्हातारीची सरळसाधी गोष्ट, तळाशी ओळ — ‘समोरच्या बाईंच्या चष्म्यावर झुरळ बसलंय.’

तोंड पहिल्याच शब्दावर अडलेलं, आणि डोळे पटकन माझ्या चष्म्यावर!

“कधीपासून येतं गं वाचायला?”

“उन्हाळ्याच्या सुट्टीपासून. आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या मीच वाचते.”

“अगं, मग हे नाटक कशाला?”

“तिकडे वर्गात चाळीस जणी आहेत, बाई. कुणी कुठे बसायचं, कशावर हसायचं, सगळं त्यांचं ठरलेलं. मला ते येत नाही.”

आई इस्पितळातले कपडे धुवायला जायची. पोर एकटी राहते म्हणून बाहेरून कडी. साथीची दोन वर्षं. “भिंतीशी बोलायचे,” म्हणाली, अगदी सहज. मी पाच महिने अक्षरांच्या मागे लागले होते!

मोठ्या बाईंना द्यायच्या फॉर्मवर आजच ‘वाचते’ लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. उद्या लिहीन.

१४ सप्टेंबर
नाही लिहिलं. पस्तीस वर्षांत एकही मजकूर उशिरा दिला नाही मी. खरं काय ते इथे तरी लिहावं — ती गेली की ही खोली बंद होणार. मग सकाळी अकरा वाजता मी कुठे जाणार?

२४ सप्टेंबर
रोज वाचतोय. घडाघडा! आज तिने माझ्यासाठी पुठ्ठा लिहून आणला. सांगाड्याला सर्दी होते, पण शिंकायला नाकच नसतं. मी इतकी हसले की शिपाई मावशी डोकावल्या — “बाई, बरं आहे ना?”

घरी येऊन पुन्हा वाचला. एकटीने वाचताना तेवढं हसू येत नाही.

२९ सप्टेंबर
सांगितलं — उद्या ‘वाचते’ लिहिणार, तू वर्गात जायचं.

फणकारली. “तुम्ही तरी कुठे जाता? मधल्या सुट्टीत सगळ्या बाई स्टाफरूममध्ये असतात. तुम्ही इथे सांगाड्याबरोबर डबा खाता.”

“मला शांत बसायला आवडतं.”

“मग मलाही अडखळायला आवडतं!”

माझी मोठी बहीण गेली त्या साथीत. तेव्हापासून चार माणसांत बसायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढून टाळते. हे पोरीला सांगितलं नाही.

शेवटी तिनेच तोडगा काढला — “उद्या मी जाते. तुम्हीही जायचं. मग एकमेकींना सांगायचं.”

३० सप्टेंबर
फॉर्म दिला. वाचते.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून पाहिलं. खारूताई नळापाशी उभी, पाणी पितेय, पितेच आहे. मग खिशातून खडू काढून फरशीवर चौकोन आखायला बसली. एक मुलगी येऊन वाकली. काहीतरी बोलली. मग दुसरी आली. हिने खडू मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला.

मीही डबा घेऊन स्टाफरूमपर्यंत गेले. आत कुणाची तरी फजिती रंगात आली होती, सगळ्या खिदळत होत्या. दार जरासं ढकललं. परत आले.

१ ऑक्टोबर
शाळा सुटल्यावर खोलीत आली. “गेलात काल?”

“गेले की! मजा आली.”

ती हसली नाही. नाराजही झाली नाही. माझी खुर्ची ओढून तीत बसली, मला समोरच्या खुर्चीत बसायची खूण केली आणि हळूच विचारलं, “दार कुठपर्यंत उघडलंत?”