दोनशे चौदाव्या किलोमीटरचं फाटक

२ एप्रिल १९४६, मंगळवार

शनिवारी जाणार. नक्की! पश्चिमेला पोलंडला नवा मिळालेला मुलूख आहे, तिथे रिकामी घरं वाटतायत म्हणे. जर्मन पळाले, चुलीवर भांडी तशीच ठेवून. इथे ओल्श्नित्सात चार महिने झाले. दिवसभर रेल्वेच्या कारखान्यात मालडब्यांचे रिव्हेट ठोकतो. कान असे बसलेत की जेवताना मी माझाच घास ऐकू शकत नाही.

आणि हे गाव! गाव कसलं — आधी रूळ आले, मग स्टेशन, मग इंजिनशेड, माणसं सगळ्यात शेवटी. कारखान्याचा भोंगा झाल्याशिवाय बायका बटाटे चुलीवर चढवत नाहीत. पोरीला मागणी घालायला जा, बाप घराणं विचारत नाही. विचारतो, गाडीवर आहेस की कारखान्यात? स्टेशनची पाटी झारच्या वेळची, मग आपली, मग जर्मनांची, परत आपली. चार वेळा रंगवली, आणि रंगारी एकच. अजून जिवंत आहे. तो म्हणतो, राज्यं बदलली पण माझा रंगाचा डबा तोच.

कामगारांची चाळ बॉम्बमध्ये गेली म्हणून मी वाव्झिन म्हातारबाकडे राहतो. हा फाटकवाला. दारासमोर पांढरा खांब, त्यावर २१४. वॉर्सापासूनचे किलोमीटर. बायको वारली. मुलगा लुत्सेक बेचाळीसच्या उन्हाळ्यात भांडून निघून गेला, तो गेलाच.

म्हातारा आज परत सुरू झाला. तुम्ही आजकालची पोरं! पाठ फिरली की आईबाप मेले तुम्हाला. माझ्या पोरानं दोन ओळी टाकल्या नाहीत मला. तू तरी घरी लिही.

कुणाला लिहू?

३ एप्रिल

त्रेचाळीसच्या वसंतात आमच्या युझेकला, माझ्या भावाला, जर्मनांनी शेतातून उचलून गाडीत कोंबला. आई रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायची. दीड वर्ष. मग मेली. हे लिहून ठेवतो, कारण आज स्टेशनवरच्या चहावाल्या साल्कानं एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

लढाईत माणसांनी भरलेल्या गाड्या इथूनच जायच्या. डब्याच्या फटीतून लोक चिठ्ठ्या टाकायचे — सापडेल त्यानं कृपा करून पाठवावी. भाकरीच्या तुकड्याला गुंडाळलेल्या, कंगव्याला बांधलेल्या. वाव्झिन रूळ तपासायला निघाला की त्या उचलायचा आणि पोस्टात टाकायचा. जर्मनांना सापडला असता तर भिंतीशी उभा करून गोळी घातली असती. साल्काच्या भावाची शेवटची चिठ्ठी त्यानंच पोचवली. ती म्हणाली, "ह्या गावात स्टेशनमास्तरला कुणी टोपी काढत नाही रे. वाव्झिनला काढतात."

आणि मी ह्या माणसाच्या घोरण्यावर वैतागायचो!

४ एप्रिल

आज घडलं ते लिहितो.

दिव्याची काच तडकली. म्हातारा रुळांवर गेलेला. काच शोधायला मी कपाट उघडलं. खाली सिग्नलच्या बावट्यांमागे पत्र्याचा डबा. आत चिठ्ठ्या. खच्चून. मोजल्या — एकेचाळीस. पोस्टात टाकलेल्याच नाहीत!! प्रत्येकीवर कोपऱ्यात जांभळ्या पेन्सिलीनं नुसता एक आकडा. २०९. २१३. २१७.

घडीवर बाहेरून नाव लिहिलेलं असेल त्यात युझेकचं अक्षर शोधलं. खाली बसून, एकेक. माझं वाचन कासवाचं. काही ज्यूंच्या लिपीत होत्या, त्या कळल्याच नाहीत. युझेकची नाही.

पण कुणाच्या तरी युझेकच्या आहेत ना! एकेचाळीस घरं पोस्टमनच्या वाटेवर उभी. आणि हा त्यांच्यावर सिग्नलचे बावटे रचून ठेवतो. आणि गाव टोपी काढतं!

शनिवारी जाण्याआधी साल्काच्या टेबलावर हा डबा पालथा करणार. सगळ्या गावासमोर.

५ एप्रिल

सकाळीच डबा त्याच्यापुढे आपटला. वाटलं ओरडेल, मारेल. तो खाली बसला. पायातला एक बूट काढला, दुसरा काढायचा विसरला.

मी काय काय बोललो ते लिहवत नाही. आईचंही बोललो.

शेवटी तो म्हणाला, "मला वाचता येत नाही, गेनेक."

झारच्या काळात नोकरीला लागला, तेव्हा अंगठा पुरायचा. आकडे तेवढे कळतात, किलोमीटरच्या खांबांवरून शिकलेले. बाकी फाटकाची गाड्यांच्या नोंदींची वही त्याची बायको आन्येला लिहायची. चिठ्ठ्या तीच पाकिटात घालायची, पत्ते तीच लिहायची. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत ती गेली. गाड्या काही थांबल्या नाहीत. चिठ्ठ्या पडत राहिल्या. आता वाचून द्या म्हणून जायचं कुणाकडे? तो कागद हातात असणं म्हणजे मरण. मग लढाई संपली, तर सगळं गाव त्याला चिठ्ठीवाला म्हणून नमस्कार करायला लागलं. आता काय सांगू, कुठल्या तोंडानं, म्हणाला.

चष्मा फुटलाय म्हणून आधी कुणाकुणाकडून आणि आता चार महिने माझ्याकडून वही लिहून घेतोय! त्याला चष्मा घातलेला कुणी पाहिलाय का कधी, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आकडा म्हणजे चिठ्ठी पडली ती जागा. निदान तेवढं तरी लिहून ठेवलं, म्हणाला.

साल्काकडे गेलो नाही. पाकिटं घेऊन आलो.

६ एप्रिल, शनिवार

गाडी गेली. मी गेलो नाही. एकेचाळीस चिठ्ठ्यांचे पत्ते कोण लिहिणार दुसरं?

भोंगा झाल्यावर बसलो. मी आकडा वाचतो, तो जागा सांगतो. मग मी नाव-गाव वाचून पाकिटावर पत्ता लिहितो. २१३ — पुलाखाली, दगडाला बांधलेली. २०९ — पावसात भिजलेली, छातीशी धरून वाळवली. एकही विसरलेला नाही! ज्यूंच्या लिपीतल्या बाजूला ठेवल्यात, वाचणारा कुणी परत येईपर्यंत. म्हातारा सूप ढवळता ढवळता मला टोमणे मारतोय — कोंबडीनं उकरल्यासारखं अक्षर तुझं, आन्येलाचं बघायला हवं होतंस. वाचता येत नाही आणि अक्षराला नावं ठेवतो!

छत्तीस झाल्या.

तोच दिवस, थोड्या वेळानं

सदतिसावी. बाहेर नुसतं 'आईस, फाटकावर'. आडनाव नाही, गाव नाही. काही कळेना म्हणून उघडली.

"आई, मी रागानं लांब पळालो नाही. ल्युब्लिनला काम करत होतो. रविवारी येऊन बाबांची माफी मागणार होतो, गुरुवारीच बाजारात धरलं. गाडी आपल्या फाटकावरून जाईल, पूल गेला की टाकतो. बाबांना वाचून दाखव. लुत्सेक. मार्च त्रेचाळीस."

हे माझ्या वहीत का उतरवतोय? पेन्सिल हलत राहिली तर म्हाताऱ्याला वाटेल मी पत्ता लिहितोय.

विचारतोय, आता कुठला नंबर. सांगितलं, दोनशे चौदा.

"ती होय!" चमचा हातात घेऊन हसला. "अगदी दारात येऊन पडली. नेम चांगला होता पोराचा. वाच की. कुणाची?"