माजी बोरखिंड मतदारसंघाचा निकाल जाहीर होणेबाबत

प्रति,
मा. निवडणूक अधिकारी साहेब,
निवडणूक शाखा, कोल्हापूर.

अर्जदार : जोतीराम दत्तू चौगले, निवृत्त एस.टी. वाहक, रा. ढवणवाडी, ता. राधानगरी.

विषय : रद्द झालेल्या बोरखिंड विधानसभा मतदारसंघात न झालेल्या निवडणुकीचा निकाल लेखी मिळणेबाबत.

संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यास आपल्याकडून आलेले उत्तर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवितो की, आपले उत्तर पोहोचले. "सदर मतदारसंघ पुनर्रचनेत रद्द झाला असून अस्तित्वात नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे," असे त्यात नमूद आहे. उत्तर नियमाला धरून आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. अडचण अशी झाली की, ते मी घरी मोठ्याने वाचले आणि ऐकणाऱ्यांत एक मयत इसम होता. त्या दिवसापासून तो आमच्या अंगणातून हललेला नाही.

१. बोरखिंड मतदारसंघ आपल्या नोकरीच्या आधीचा असावा, म्हणून थोडी पूर्वपीठिका देतो. खिंडीच्या खालची उसाची मोठी गावे आणि वरच्या आमच्या भाताच्या वाड्या, अशी मोट बांधून तो केला होता. आमदार कायम उसातला. आमच्या वाटणीला दर निवडणुकीत खिंडीच्या रस्त्याची खडी येत असे आणि खाली गुलाल उडाला की तीच खडी ट्रकमध्ये भरून परत जात असे. इतिहास म्हणाल तर एवढाच. आपल्या बाजूचाही एखादा माणूस आमदार व्हावा असे फक्त एकाच्या डोक्यात आले. ते कै. पिराजी सातापा बरगे. चार म्हशी, डेअरीत दूध, अपक्ष, चिन्ह कपबशी. तीनदा उभे राहिले, तीनदा पडले. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी किटली घेऊन डेअरीत हजर असत. पोरे विचारत, "काय आमदार, आज किती लिटर?" पिराजीही हसत.

२. चौथ्या खेपेला आमच्या गल्लीला लाज वाटली. सगळ्यांनी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलला. आपण या भागात नवीन असाल तर सांगतो, भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून दिलेला शब्द आमच्याकडे कोर्टातल्या शपथेपेक्षा जड असतो. शेजारच्या शहाजादीचाचीने पीरसाहेबाच्या उदाच्या धुरावर हात धरून तोच शब्द दिला. शब्द असा होता : "पयलं मत पिराजीला. त्येला दिल्याबिगर दुसऱ्या कुणाला न्हाय." निवडणुकीला अवकाश होता आणि तेवढ्यात पुनर्रचना आली. ओढ्याच्या अलीकडची घरे एका मतदारसंघात गेली, पलीकडची दुसऱ्यात, आणि बोरखिंड हे नावच पुसले गेले. पिराजी कोल्हापूरला जाऊन चौकशी करून आले. त्याच आठवड्यात झोपेत गेले.

३. पुढच्या निवडणुकीपासून, दर निवडणुकीच्या दिवसांत, ते येऊ लागले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हे. जन्मभर घाटात मुक्कामाच्या गाड्या केल्या, कधी काही आडवे आले नाही. पण हे भर दुपारी, माणसे रानात असताना येतात. पांढरा सदरा, जोडलेले हात, कपाळ कोरे. कुत्री भुंकत नाहीत. गेल्यावर उंबऱ्याशी हळद सांडलेली असते. गल्लीतल्या लोकांनी पुढे मते इकडे तिकडे दिली. कुणी नात्यातल्या पाहुण्यासाठी दिली, कुणी पोराच्या नोकरीसाठी. त्यांतला जो जो आजारी पडला त्याला शेवटी पिराजी दिसले. शहाजादीचाची जाताना लेकीला म्हणाली, "पिराजीभाई कब का खडा है, उसकू पानी तो देव."

माझी आई तानाबाई हिने मात्र त्या शब्दानंतर आजवर कुणालाच मत दिलेले नाही. दर वेळी कार्यकर्ते गाडी घेऊन दारात येतात. ती म्हणते, "माझं मत दिल्यालं हाय बाबा. मोजायचं तेवढं ऱ्हायलंय." पिराजी आले की ती उंबऱ्यावर चहा ठेवते. चहा तसाच राहतो, साय धरते. पण तासाभराने कप उचलायला जावे तर बशी कोमट लागते. हे मी स्वतः हात लावून पाहिले आहे.

४. शब्द सोडवून घ्यावा म्हणून मी बिरोबाच्या पुजाऱ्याकडे गेलो. त्याने सांगितले, "ज्येला दिलाय त्येनंच सोडाय पायजे." पिराजी काही बोलत नसत, म्हणून शब्द पुरा तरी व्हावा यासाठी आपल्याकडे अर्ज केला, आपले उत्तर आले आणि यंदाच्या निवडणुकीच्या धामधुमीत एका दुपारी मी ते आईला वाचून दाखवले. पिराजी दाराशी उभे होते. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी तोंड उघडले. म्हणाले, "जोत्या, मग मी पडलो का आलो?"

साहेब, मी वाहक होतो. विनातिकीट पैलवानालासुद्धा गाडीतून खाली उतरवले आहे. पण या प्रश्नावर मी आपले उत्तर उलटून मागे काही लिहिले आहे का ते बघत राहिलो.

तेव्हापासून ते धुण्याच्या दगडावर बसून आहेत. निवडणूक संपली, आचारसंहिता उठली, तरी बसून आहेत. पाऊस पडतो, दगड भिजतो, ते कोरडे. बायको धुणे घेऊन ओढ्यावर जाते. मला भीती वाटत नाही असे लिहिणे खोटे ठरेल. रागही येतो. मात्र त्यांचे तोंड बघितले की राग टिकत नाही. खालून एखादी जीप आली की ते मान वर करतात. मतमोजणीला गेलेली माणसे परत यायची वाट बघणारा माणूस असाच बघतो.

आईने अन्न सोडले आहे. डॉक्टर म्हणतात, अंगात काही राहिलेले नाही, म्हातारीने कशावर तग धरलाय समजत नाही. मला समजते. ती म्हणते, "त्येला असं अधांतरी ठेवून मी म्होरं गेले तर वर बिरोबाला कुठल्या तोंडानं भेटू?" तिचे हाल मला बघवत नाहीत.

५. मागील अर्जात मी एका बूथवर एक दिवस मतदान घ्यावे असे मागितले होते. ती मागणी चुकीची होती, ती मागे घेतो. पिराजींना आमदार व्हायचे नाही, हे मला त्या दगडाकडे रोज बघून उमगले. पडलेला माणूस घरी जातो. ते तीनदा गेले, हसत गेले. ज्याचा निकालच लागला नाही त्याने जायचे कुठे?

तरी मेहरबान साहेबांनी कै. पिराजी सातापा बरगे यांना बोरखिंड मतदारसंघातून पराभूत घोषित करावे. विजयी म्हणून कुणाचेही नाव घालावे, मताधिक्य हवे तेवढे दाखवावे, अनामत जप्त झाली असे लिहिले तरी हरकत नाही. कागदावर गोल शिक्का स्पष्ट उठावा. पिराजींना वाचायला कमी येत असे, पण शिक्का ते ओळखतात. एवढीच विनंती की, त्यांच्या नावापुढे मतांच्या रकान्यात शून्य लिहू नये. एक लिहावे.

कागद टपालाने पाठवू नये, वेळ थोडा आहे. निरोप मिळाल्यास मी पहिल्या गाडीने येऊन घेऊन जाईन.

आपल्या शिक्क्याच्या प्रतीक्षेत असलेला,

जोतीराम दत्तू चौगले
ढवणवाडी, दि. १४ जुलै

सोबत :
१. आपल्या उत्तराची झेरॉक्स.
२. कै. पिराजी बरगे यांचा मृत्यूचा दाखला.
३. आईच्या मतदार ओळखपत्राची झेरॉक्स.
४. घडी घातलेला एक कागद. आत आईच्या अंगठ्याचा ठसा आहे. मत गुप्त असते, म्हणून घडी उघडू नये. फक्त मोजावे.