वर चढणारा ठोकळा

८ जानेवारी १९३५, मंगळवार
सायन्सचे फारुख मास्तर विषमज्वराने आजारी. हेडमास्तरांनी बोलावून विचारले, मॅट्रिकच्या अलीकडच्या सहावीचे मेकॅनिक्स घ्याल का? मी संस्कृतचा बी. ए. पण नेमणुकीच्या वेळी ‘फिजिक्सचीही मला फार गोडी’ असे बोलून गेलो होतो, ते त्यांच्या बरोबर लक्षात. ‘अवश्य’ म्हणालो. सतराला इन्स्पेक्टर येणार, माझा तास पाहणार. मला कायम करायचे की नारळ द्यायचा, ते त्यांच्या शेऱ्यावर.
भीती अजिबात नाही. हात कापतात ते थंडीने.
संकल्प : रोज पहाटे उठून फ्रिक्शन.

९ जानेवारी
पहाटे उठलो नाही. नाशिकच्या थंडीत मेंदू आखडतो.
मधल्या सुट्टीत धडा चाळला. वस्तू थांबलेली असते तेव्हाचे घर्षण निराळे, सरकू लागल्यावरचे निराळे. सरकतानाचे ते कायनेटिक. पृष्ठभाग वस्तूला जितका रेटतो त्याला म्यूने, म्हणजे घर्षणाच्या आकड्याने, गुणायचे, की झाले. समास सोडवण्यापेक्षा सोपे. उगाच घाबरलो. म्हणजे घाबरलो नव्हतोच.

११ जानेवारी, शुक्रवार
उतारावरचे गणित घेतले. तीस अंशांचा उतार, म्यू सात दशांश, लाकडी ठोकळा खाली सरकतो आहे. हिशेब करता करता असे निघाले, की वजन त्याला जितके खाली ओढते त्याहून घर्षण वर जास्त ओढते. वेगवाढीचे उत्तर उणे! फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.
पहिल्या बाकावर नियाज म्हणून मुलगा बसतो. तास संपेपर्यंत नजर हटवत नाही. त्याने विचारले, सर, उणे म्हणजे ठोकळा उलटा वर जाईल का?
मी म्हणालो, जाईल. थोडासा.
साऱ्या वर्गाने वहीत उतरवून घेतले.

१२ जानेवारी
झोप नाही. ढेकूण फार झालेत.
ठोकळा वर जात नाही असे पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. हा मोठाच आधार.

१३ जानेवारी, रविवार
घरी प्रयोग. जेवणाचा पाट भिंतीला तिरका टेकवला, त्यावर ठोकळा. हलेना. बोटाने ढकलला तर वीतभर खाली घसरला आणि थांबला. मी समोर मांडी घालून बसलो. हिने विचारले, कशाची वाट बघताय? म्हटले, तो वर येण्याची. ही आत गेली आणि माझ्यासाठी काढा घेऊन आली.
संध्याकाळी एकदा केसभर वर सरकल्यासारखा वाटला.

१४ जानेवारी, संक्रांत
हेडमास्तरांनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता सांगितले, की इन्स्पेक्टर पूर्वी कॉलेजात फिजिक्सच शिकवत. वडी घशात अडकली. बहिरू शिपायाने पाठीत गुद्दे घातले तेव्हा श्वास आला.
उद्या वर्गात चूक सुधारायची. छापखान्यावर ढकलायची.

१५ जानेवारी
सुधारणारच होतो. तोंड उघडले आणि खोकला आला. एवढ्यात नियाजने विचारले, सर, किती वर जाईल? म्हणालो, ते ठोकळ्यावर अवलंबून आहे.

१६ जानेवारी
शाळा सुटल्यावर द्वारका नाक्यापर्यंत चालत गेलो. पाय मोकळे करायला. नाशिक रोड स्टेशनाला जाणारा टांगा उभा होता, त्यात बसलोही. टांगेवाल्याने विचारले, कोणती गाडी धरायची साहेब? मला एकाही गाडीचे नाव आठवेना. उतरलो.

१७ जानेवारी, गुरुवार
इन्स्पेक्टर आले. मागच्या बाकावर हेडमास्तरांशेजारी बसले. मी उतार काढला. खडू दोनदा मोडला. इन्स्पेक्टरांनी मुलांना विचारले, घसरता ठोकळा मंदावत मंदावत थांबला; पुढे काय होईल?
नियाज उठून म्हणाला, वर जाईल सर. थोडासा. आमच्या सरांनी सांगितलंय.
इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी ड्रॉइंगची फळी तिरकी धरवली, ठोकळा वर ठेवून ढकलला. तो घसरला, थांबला. सारा वर्ग मान पुढे करून बसला. मीही. मनात रामरक्षा.
ठोकळा जागचा हलला नाही.
शब्द फुटेना. खोटे सांगायलासुद्धा फुटेना. तेवढ्यात नियाज स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, घर्षण सरकण्याला विरोध करतं. सरकणंच थांबलं तर ते वर कशाला ओढेल? मग ते फक्त धरून ठेवण्यापुरतंच उरेल. म्हणजे उणे याचा अर्थ, वेग कमी होत होता!
इन्स्पेक्टर उठले. मला वाटले, संपले सारे. ते हेडमास्तरांना म्हणाले, “पाहिलंत? मुद्दाम चुकीचं सांगायचं, मग स्वतः गप्प राहायचं आणि मुलाकडूनच उत्तर काढायचं. असा शिक्षक मी या जिल्ह्यात पाहिला नाही.”
मी खुर्चीत बसलो.

१८ जानेवारी
कायम झालो. माझी पद्धत इतक्या लवकर ओळखली जाईल असे वाटले नव्हते. हिने देवापुढे साखर ठेवली.
दुपारी हेडमास्तरांनी बोलावून अभिनंदन केले. फारुख मास्तर बरे झाले तरी सायन्सऐवजी आता गणित घेतील. माझे संस्कृत दुसऱ्याला दिले. जूनपासून सहावी आणि मॅट्रिक, दोन्हींचे फिजिक्स माझ्याकडे. तेही कायम.
घरी येऊन पुढचा धडा उघडला. कप्पी. एकच दोर तीन ठिकाणी ओढतो आहे, असे चित्र.
हिला म्हटले, काढा कर.