कॉन्रॅडचा बार

११ जानेवारी, रविवार
कॉन्रॅड पडला. मणका आणि घोटा. उद्या ऑपरेशन. जिवंत आहे — बस्स.

१२ जानेवारी
लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल.
वारा वाढला आणि कॉन्रॅडचा पॅराग्लायडर डोंगरावर हवेतच जागच्या जागी लटकला. खाली शंभर फूटही नसतील. मी माथ्यावरून वॉकीटॉकीवर म्हणालो, "बार दाब. पूर्ण दाब. इथेच वर उतर." पायाखालचा बार दाबला की ग्लायडर जोरात पुढे जातो, पण त्याच्या कापडाची पुढची कड पटकन मिटूही शकते. म्हणून जमिनीजवळ, हलत्या हवेत पूर्ण दाबायचा नाही. जरा काही वाटलं की आधी पाय सोडायचे! हे क्लबात सगळ्यांना शिकवतो कोण? मीच!
बाजूने सरकत खालच्या शेतात उतरला असता आरामात. पण मग त्याला आणायला जीप पाठवा, तासभर घालवा. मला घरी जायची घाई. एवढ्यासाठी!
कड मिटली. "पाय सोड" म्हणायचं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही.
धावत पहिला मीच पोचलो. आणि त्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं. सध्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे. लाज वाटते.

१५ जानेवारी
कॉन्रॅडला काही आठवत नाही. हवेत होता, एकदम हॉस्पिटल. मला हायसं वाटलं — काय माणूस आहे मी!

१८ जानेवारी, रविवार
क्लबची मीटिंग. दिनानाथ सर म्हणाले, "घरी बनवलेला बार. अडकला असणार, दुसरं काय?" वालीवच्या आपल्या वर्कशॉपमध्ये कॉन्रॅडने स्वतः बनवलेला. आम्हा आठ जणांनाही हौसेने करून दिले होते. सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण.

२३ जानेवारी
कॉन्रॅडला घरी सोडलं. उमेळ्याला त्याच्या घरी जाऊन आलो. आठातले सात बार परत आलेत, तांदळाच्या गोणीत भरून पलंगाखाली. "तुझापण आण रे सुमेध. उगाच कुणाला लागायला नको." हसत म्हणाला. मग म्हणाला, "लेथ मशीनला हात लावावासा वाटत नाही यार."
आंटी — त्याची आई — म्हणाल्या, "तू धावलास म्हणून माझा पोरगा वाचला. रविवारी चर्चमध्ये तुझ्या नावाने मिस्सा सांगितलीय." चहा तसाच ठेवून निघालो.

२५ जानेवारी, रविवार
मिस्साला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

२७ जानेवारी
दार लावून कार्ड बघितलं. "पूर्ण दाब" — माझा आवाज, काय तो रुबाब! मग कॉन्रॅड, स्वतःशीच: "इतक्या खाली?" आणि लगेच, "सुमेध सांगतोय म्हणजे बरोबरच असणार."
तो खाली पायांकडे बघत होता. बार दाबला, मग सोडला. दोन्ही वेळा लोण्यासारखा सरकला. कुठेच अडकला नाही.

२८ जानेवारी
उमेळ्याला गेलो. बार नेला नाही, कार्ड नेलं. आंटी चहा टाकायला उठल्या.
म्हटलं, "आंटी, चहा नको. बसा. तुम्हीपण ऐका."