लाल कानटोपीतला फोटो

म्युनिक, १८ जानेवारी

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

आधी चांगलं सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. ओवी बरी आहे. शाळेत जाते, मेतकूट-भात खाते, मला जर्मनमध्ये रागावतेसुद्धा.

गेल्या शनिवारी टेकडीवर बर्फात घसरगाडी खेळताना ती झाडावर आपटली. कपाळाला चार टाके पडले. व्हिडिओ कॉलवर तिचे केस पुढे ओढले होते ते त्यासाठीच. वीणा म्हणत होती, आईंना सांगूया. मीच नको म्हणालो.

ओवीने हेल्मेट घातलं होतं गं. पण तू विणलेली लाल कानटोपी त्याखाली मावेना, आणि तुला ती टोपी दिसावी म्हणून मीच हेल्मेट काढून घेतलं. म्हटलं, एकच फेरी, फोटोपुरती. फोटो काढला आणि गाडी ढकलली, तीही मीच.

तुझ्या टोपीला बोल लावू नकोस. धुतली, डाग गेला. बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस त्यांना.

आणि तो फोटो. "तोंडभर हसतेय गं माझी बाय" म्हणून तू फ्रेम करायला देणार होतीस ना? देऊ नकोस, आई. ती हसत नव्हती. "पापा, माइन हेल्म!" असं ओरडून माझ्याकडे हेल्मेट मागत होती.

तुझा,
भास्कर