डॉक्टर पूजेत आहेत

११ जाने. ७९, गुरु. धार
डॉक्टरसाहेब आजही इंदूरला. तिथला दुसरा दवाखाना चांगला चालतो, म्हणून निम्मा आठवडा तिकडेच. इथल्या नर्सिंग होममध्ये मी आणि कंपाउंडर रमेशभिया. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरलेलं: "साहब पूजा में बैठे हैं." इंदूर म्हटलं की लोक उठून सरकारी दवाखान्यात जातात. पूजा म्हटलं की कोणी उठत नाही. चपला काढून बसतात.
एका तापाच्या मुलाला मिक्श्चर दिलं, माझ्याच अंदाजानं. घरी येऊन नर्सिंगच्या ट्रेनिंगचं पुस्तक काढून पाहिलं. बरोबर होतं. बहुतेक.

१४ जाने., रवि. संक्रांत
विनूदादा (काकांचा) देवासहून आला. तिळगूळ तोंडात असतानाच म्हणाला, "आमच्या कारखान्याच्या डिस्पेन्सरीत नर्स हवीय. ये. आमच्याकडेच राहा, तुझ्या वहिनीला सोबत."
मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "दोन वर्षं सोडणार नाही असा शब्द दिलाय मी डॉक्टरांना."
"काका, नोकरी लेकीची नि शब्द तुमचा?"
आत्या हसली. अण्णा नाही. विषय संपला.

१८ जाने., गुरु.
आत्याला पूजेचं सांगितलं. शाळेत घालण्याआधी लिहायवाचायला तिनंच शिकवलं. जे तिला सांगायला जीभ रेटत नाही ते चूकच असणार, ही माझी तेव्हापासूनची समजूत.
वांगी चिरता चिरता थांबली. "पोटासाठी माणूस खोटं बोलतो. पण देवाला कशाला मधे घ्यायचं?"
"मी नाही, ते घेतात."
"तोंड कुणाचं असतं?"
अण्णांना सांगू नको म्हटलं. रोज दत्ताची पूजा करून मग शाळेत शिकवायला जातात ते. त्यांना कसं सांगू? सोडावं तर त्यांचा शब्द मोडतो. राहावं तर रोज हेच.

२३ जाने., मंगळ.
हे नीट लिहायला हवं.
शाळा सुटल्यावर अण्णा दवाखान्यात आले. डोकं जड वाटतंय, रक्तदाब बघून घेतो म्हणाले. "साहेब आहेत ना?" बाकावर माणसं, शेजारी रमेशभिया. तोंडातून निघूनच गेलं, "पूजेत आहेत."
अण्णांना. मराठीत.
त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, टोपी सारखी केली, बसले. तिरला गावची एक बाई मोठ्यानं बोलत होती, तिला म्हणाले, "बेन, धीरे। भीतर पूजा हो रही है।" सगळे गप्प. तिचं लेकरू कुरकुरायला लागलं तर त्याला घेऊन ती बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. आतली खोली रिकामी. पंखासुद्धा बंद.
मी सुया उकळत होते. डोकावले तर अण्णांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आत पूजा चालली आहे तर आपलंही देवाचं नाव घेऊन होईल, असं काहीतरी.
राहवेना. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अण्णा, साहेब इंदूरला गेलेत. आम्ही नेहमी असंच सांगतो. तुमचा रक्तदाब मी बघते, चला आत."
डोळे उघडले. "या लोकांना ठाऊक आहे?"
"नाही."
"मग मला एकट्याला का सांगतेस?"
मग सगळ्यांना सांगितलं. हिंदीत, मोठ्यानं. कोणी रागावलं नाही, हेच जास्त लागलं. तिरल्याची बाई एवढंच म्हणाली, "पेलां के देती, तो म्हूं बस पकड़ लेती।" आधी सांगितलं असतं तर तिला बस मिळाली असती.
अण्णा रक्तदाब न बघताच घरी गेले.

२४ जाने., बुध.
डॉक्टरसाहेब ओरडले नाहीत. "सुधा, हाथ अच्छा है तुम्हारा। अकल नहीं है।" त्यांच्या बाईसाहेब मात्र पुष्कळ बोलल्या.
रमेशभिया सुई पुसत म्हणाला, "सिस्टर, अपना क्या जाता था? भगवान ने तो कभी शिकायत नहीं की।" हसू आलं. मग हसल्याचा राग आला.
अण्णा आज लवकर जेवून उठले.

२८ जाने., रवि.
अण्णा डॉक्टरांकडे जाऊन आले. मला विचारायचा धीर नव्हता, आत्यानं विचारलं.
"शब्द परत मागून आणला."
"दिला त्यांनी?"
"दिला. चहाही दिला. रक्तदाब बघितला, थोडा वाढलाय." टोपी खुंटीला लावली. "वाईट माणूस नाही, सुधे. औषध चांगलं देतो."
फेब्रुवारी संपला की मी मोकळी. विनूदादाला आजच कळवलं.

९ फेब्रु., शुक्र.
आता मला पेशंटच्या समोर ठेवत नाहीत. मी आत, रमेशभिया दारात. तो काय सांगतो ते भिंतीतून ऐकू येतं.

१ मार्च, गुरु. देवास
विनूदादाचं क्वार्टर लहान, पण खिडकीतून टेकडी दिसते. वहिनीनं माझ्यासाठी खुंट्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या. उद्यापासून कामावर. झोप...

२ मार्च, शुक्र.
डॉक्टरीणबाई फक्त मंगळवार-शुक्रवार येतात! म्हणजे इथेही मी एकटीच. "रोज नाही?" असं विचारून बसले. त्यांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, "जमेल ते करा. जमणार नाही ते कारखान्याच्या जीपनं मोठ्या दवाखान्यात पाठवा. आणि मी नसेन त्या दिवशी नाही म्हणून सांगा." दाराशी फळा आहे. त्यावर लिहायचं: आज डॉक्टर नाहीत, नर्स आहे.
घरी सांगितलं तर वहिनी म्हणाली, "वन्सं, फळ्यावर लिहिलंय ना? मग घाबरायचं त्यांनी, तुम्ही कशाला?"

७ मार्च, बुध.
सकाळी एकाचं बोट कापलं होतं. टाक्यांची गरज नव्हती, स्वच्छ करून पट्टी बांधली. चांगलं वाटलं.
दुपारी एक बाई आली. नगरकडची, नवरा दुसऱ्या पाळीत. कडेवर तान्हं मूल, लांबूनही तापलेलं दिसत होतं. तिला वाचता येत नसावं.
"डाक्टर हायेत का?"
"आज नाहीत, परवा येतील. मी नर्स आहे, बघते. लागलं तर जीपनं पाठवते."
वरपासून खालपर्यंत बघितलं मला. "तुमचं लगीन झालंय?"
"नाही."
मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं नि निघाली. फाटकापर्यंत मागे गेले. "अहो, ताप तरी बघू द्या!" वळली नाही.
डॉक्टर पूजेत आहेत म्हटलं असतं तर बसली असती. तेवढ्यात ताप बघून झाला असता, पाणी पाजून झालं असतं, जीप...

८ मार्च, गुरु.
सुट्टी झाल्यावर त्यांचं क्वार्टर शोधलं. कुलूप. शेजारीण म्हणाली, "सक्काळीच गेली पोराला घेऊन. दवाखान्यात का टेकडीवर देवीला, काही बोलली न्हाई."

९ मार्च, शुक्र.
डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. तुमची काही चूक नाही म्हणतील असं वाटलं होतं. तसं म्हणाल्या नाहीत. "जातात कधी कधी," म्हणाल्या. बाटल्या लावत राहिल्या.
मी विचारलंच, "थोडं खोटं बोलले असते तर?"
"मलाही दर वेळी तेच वाटतं."
तेवढ्यात पेशंट आले.

१२ मार्च, सोम.
कुलूप तसंच. नवरा रजेवर आहे असं विनूदादानं चौकशी करून सांगितलं. कशासाठी ते कोणाला ठाऊक नाही.
सकाळी दारात दोघी, दोघींच्या कडेवर मुलं. फळ्यावरचा खडू पुसट झाला होता, परत गिरवला. तोंडानंही सांगितलं, डॉक्टर आज नाहीत, मी आहे.
एक उठून गेली.
दुसरी बसून राहिली. बाळाचं टोपरं काढता काढता म्हणाली, "हात गार हायेत का तुमचे? गार हात लागला की रडतो ह्यो."
गारच होते. तळवे एकमेकांवर घासले.